पानफुटीची रात्रपाळी



मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो, तोही मराठी वाङ्मय घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला आणि त्या पेपरात मला किती गुण पडले ते कृपा करून विचारू नका. तरीही आज मी तुमच्याशी झाडाच्या पानात चालणाऱ्या एका रासायनिक व्यवहाराबद्दल बोलणार आहे. पानातली विकरं, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो ती, कामाला कशी लागतात आणि कशी थांबतात, हा आजचा विषय. हा विषय मला पुस्तकातून मिळाला नाही. माझ्या वडिलांमुळे मिळाला. आणि फार उशिरा मिळाला, एवढीच खंत आहे.

माझं गाव राजूर. यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळ. राजूर कॉलरी म्हटलं की लोकांना लवकर कळतं. इथे जमिनीत कोळसा आहे आणि चुनखडी आहे. त्यामुळे आमच्या गावाला दोनच रंग, काळा आणि पांढरा. खाणीतून येणारा माणूस काळा होऊन घरी येई, चुनाभट्टीवरून येणारा पांढरा होऊन. आमच्या घरी घड्याळ नव्हतं. खाणीचा भोंगा हेच गावाचं घड्याळ. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. भोंगा वाजला की कुणाच्या घरी चूल पेटे, कुणाच्या घरी अंथरूण पडे.

माझे अब्बा एका चुनाभट्टीवर रात्रपाळीला होते. भट्टीत दगडाचा थर, त्यावर कोळशाचा थर, पुन्हा दगड, पुन्हा कोळसा. आच सारखी राहिली पाहिजे. रात्री ती उतरली तर दगड आतून कच्चा राहतो आणि सगळी भट्टी वाया जाते. म्हणून रात्री एका माणसानं जागं राहायचं, आचेकडे पाहायचं, कोळसा टाकायचा. तो माणूस म्हणजे माझे अब्बा.

अब्बांना पथरीचा त्रास होता. अम्मीनं अंगणात एका फुटक्या पत्र्याच्या डब्यात पानफुटी लावली होती. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे झाड पाहिलं असेल. जाड, रसरशीत पान; ते वहीत ठेवलं तरी त्याच्या कडेला इवली इवली रोपं फुटतात, म्हणून पानफुटी. अब्बा सकाळी भट्टीवरून आले, हातपाय धुतले की अम्मी एक पान खुडून त्यांच्या हातावर ठेवी. अब्बा चावत आणि त्यांचं तोंड वाकडं होई, कारण पान कैरीसारखं आंबट. त्या पानानं खडा पडला की नाही ते अल्लाला ठाऊक; पथरी असेल तर डॉक्टरांकडेच जावं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. एकदा सकाळी पान द्यायचं राहून गेलं म्हणून मी संध्याकाळी खुडून आणलं, तर अम्मी म्हणाली, “राहू दे बेटा. पान सकाळचंच लागते. संध्याकाळच्या पानात काही नसते, नुसतं गवत.”

मला वाटलं, बायकांचं काहीतरी असतं.

ही गोष्ट १९७९ च्या हिवाळ्यातली, मी तेव्हा चौथीत होतो. एका रात्री अब्बांचा डोळा लागला. आच उतरली. सकाळी भट्टी कच्ची निघाली आणि मालकानं त्यांना कामावरून काढलं. गाव लहान, बातमी दुपारपर्यंत शाळेत पोचली. मधल्या सुट्टीत एका मुलानं बाकावर डोकं टेकवलं आणि घोरण्याचा आवाज काढला. वर्ग हसला. आणि श्रोतेहो, मीही हसलो. हसलो नसतो तर त्यांना कळलं असतं की मला लागलंय.

त्या संध्याकाळी अब्बांनी मला पाणी मागितलं. मी म्हणालो, “तुम्ही झोपा. तुम्हाला तेवढंच येतं.”

ते काही बोलले नाहीत. उठले, माठातलं पाणी स्वतः घेतलं. पुढे ते दिवसा दगड फोडायला, ट्रक भरायला जाऊ लागले. पहाटे चारला, कुणी न उठवता, फजरच्या अजानच्या आधी त्यांचे डोळे उघडत. लोक यायच्या आत त्यांचा दगडाचा एक ढीग फोडून झालेला असे. पण गावानं एकदा जो शिक्का मारला तो मारला. ‘झोपाळू’, ‘कामचोर’. अब्बा १९९६ साली गेले. मी त्या वाक्याची माफी मागितली नाही.

आता मी तुम्हाला एकदम चाळीस वर्षं पुढे नेतो. २०१९ च्या उन्हाळ्यात माझी मुलगी अमरावतीहून सुट्टीला घरी आली. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. पहिल्याच सकाळी, चहाच्या आधी, माझ्यासमोर पानफुटीच्या पानाचा नखाएवढा तुकडा धरून म्हणाली, “अब्बू, चावा आणि थुंकून टाका.” चावला. आंबट! तोंड वाकडं झालं. संध्याकाळी पाचला पुन्हा तेच झाड, तसंच पान. चावलं, आणि आंबटपणा कुठे गेला कोण जाणे. नुसतं गवत.

माझ्या अंगावर काटा आला. हे शब्द मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकले होते.

“तुझ्या दादीला हे माहीत होतं,” मी म्हणालो.

“दादीच्या आधीही एकाला माहीत झालं होतं,” ती म्हणाली आणि मला बेंजामिन हाइनची गोष्ट सांगितली. हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, मद्रास इलाख्यात होता. बागेतल्या पानफुटीचं पान चावून पाहताना त्याच्या ध्यानात आलं की सकाळी ते आंबट लागतं, दुपारी त्याला चव नसते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतं. त्यानं हे पत्रानं लंडनला कळवलं आणि लिनियन सोसायटीनं ते १८१५ साली छापलं. पानफुटी मूळची मादागास्कर बेटाची, पण तिच्या या गुपिताची ती प्रसिद्ध नोंद झाली ती आपल्या हिंदुस्थानात. अम्मीनं कुणाला पत्र लिहिलं नाही, एवढाच फरक.

आता हा आंबटपणा येतो कुठून? झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो घेण्यासाठी पानावरची बारीक छिद्रं, पर्णरंध्रं, उघडावी लागतात. पण छिद्रं उघडली की पाणीही उडून जातं. कोरड्या मुलखात रुळलेल्या पानफुटीनं यावर युक्ती काढली. ती दिवसा दारं लावून बसते आणि रात्री, गारव्यात, उघडते. रात्री उजेड नसल्यामुळे साखर करता येत नाही. म्हणून ती कार्बनला एका आम्लात बांधून पेशीच्या पोटात साठवते. ते मॅलिक आम्ल, सफरचंदाला आंबटपणा देतं तेच. सकाळी साठा भरलेला, म्हणून पान आंबट. दिवसभर दारं बंद ठेवून ती आम्लातून कार्बन सोडवते आणि उन्हात त्याची साखर करते. संध्याकाळी कोठार रिकामं, म्हणून नुसतं गवत.

हे रात्रीचं बांधाबांधीचं काम करणारं एक विकर आहे. त्याचं नाव फॉस्फोइनॉलपायरूव्हेट कार्बोक्सिलेज. घाबरू नका, शास्त्रज्ञही एवढं लांब नाव घेत नाहीत. ते त्याला ‘पेप-सी’ म्हणतात. बाटलीतल्या थंड पेयाशी त्याचा संबंध नाही.

विकर म्हणजे प्रथिन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेली माळ. पेप-सीच्या एका माळेत साधारण साडेनऊशे मणी असतात आणि अशा चार माळा मिळून एक विकर होतं. मी मुलीला विचारलं, “मग हे विकर रात्री तयार होतं आणि दिवसा नष्ट होतं का?” ती म्हणाली, “नाही अब्बू. ते दिवसाही तिथेच असतं. पण दिवसा ते कामावर नसतं.”

हे वाक्य ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. खरी गोष्ट इथून सुरू होते.

माळेच्या सुरुवातीलाच सेरीन नावाचा एक मणी आहे. रात्र झाली की त्या मण्याला फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवला जातो. फॉस्फरसचा एक अणू आणि त्याच्या भोवतीचे ऑक्सिजन, एवढीच ती खूण. साडेनऊशे मण्यांच्या माळेत एका मण्यावर एवढीशी भर! पण तिच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे आसपासची ओढाताण बदलते, विकराची वागणूक बदलते.

काय बदलते? कोणत्याही कारखान्यात गोदाम भरलं की माल काढणं थांबवतात. पेप-सीचंही तसंच. मॅलिक आम्ल साठू लागलं की तेच आम्ल येऊन त्याला थांबवतं. पण फॉस्फेटची खूण असली की विकर या दटावणीला सहजी जुमानत नाही, आम्ल साठलं तरी काम चालू ठेवतं. दिवस उजाडला की खूण पुसली जाते. आता कोठारातून बाहेर येणारं आम्ल त्याला लगेच गप्प बसवतं. हे गप्प बसणं फार गरजेचं असतं. नाहीतर साखरेसाठी सोडवलेला कार्बन हे विकर पुन्हा पकडून आम्लात बांधेल आणि झाडाचा दिवस घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरण्यात जाईल.

खूण लिहिणारं वेगळं विकर असतं, त्याला काइनेज म्हणतात. पुसणारं वेगळं, त्याला फॉस्फेटेज म्हणतात. एक लेखणी, एक खोडरबर. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला ह्यू निम्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानफुटीच्या भावकीतल्या एका झाडात हे दाखवून दिलं. गंमत म्हणजे पान सतत अंधारात ठेवलं तरी ही पाळी काही काळ आपली आपण चालू राहते. झाडाच्या आत एक घड्याळ आहे आणि ते सांगेल तेव्हा लेखणी तयार होते. खाणीचा भोंगा पानाच्या आतच वाजतो म्हणा ना.

मी कवितेचा माणूस, मला ही गोष्ट चटकन आपली वाटली. मराठीत ‘रग’ लिहा आणि वर एक टिंब द्या, ‘रंग’ होतो. ‘वश’वर टिंब द्या, ‘वंश’ होतो. ‘भाग’वर टिंब पडलं तर ‘भांग’. लहानपणी मक्तबात उर्दू शिकताना तर मौलवीसाहेबांची छडी केवळ नुक्त्यांसाठी उठायची. जीम, चे, हे, खे ही चारही अक्षरं एकाच आकाराची. नुक्ता पोटात एक की तीन, डोक्यावर की मुळीच नाही, यावर अक्षर ठरतं. नुक्ता केवढा? शाईच्या थेंबाएवढा. पण त्याच्यावाचून अक्षर वाचता येत नाही. फॉस्फेटची खूण म्हणजे प्रथिनावरचा नुक्ता.

या नुक्त्याचा शोध मात्र झाडात लागला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज सशाच्या स्नायूंचा अभ्यास करत होते. साठवलेली साखर मोकळी करणारं विकर त्यांना कधी चालू सापडे, कधी बंद. शोधता शोधता कळलं की फरक फक्त फॉस्फेटचा आहे. या कामासाठी त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळालं. मधल्या काळात कळून चुकलं होतं की ही भाषा केवळ सशाची नाही, माणूस, बुरशी, झाड, सगळे हीच वापरतात.

आता आपल्या शेतात येऊ या. पानफुटी रात्रपाळीची. मग दिवसपाळीला कोण? आपली ज्वारी.

ज्वारीच्या पानातही पेप-सी आहे आणि तेही हवेतला कार्बन पकडतं. पण दिवसा. बाहेरच्या पेशी कार्बन पकडून आम्लात बांधतात आणि आतल्या पेशींकडे सोपवतात. तिथे त्याची साखर होते. या दुहेरी व्यवस्थेमुळे ज्वारी, मका, ऊस, बाजरी ही पिकं कडक उन्हातही थोड्या पाण्यात जास्त काम करतात. आणि ज्वारीच्या पेप-सीवर फॉस्फेटचा नुक्ता उजाडल्यावर पडतो, अंधार झाला की पुसला जातो. पानफुटीच्या नेमकं उलट! विकर त्याच घराण्यातलं, मणी त्याच ठिकाणचा (ज्वारीत तो माळेतला आठवा), खूण तीच. फक्त पाळी वेगळी.

ज्वारीवरचं हे बरंचसं काम फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेत झाँ विदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. आपली भाकरी पॅरिसमध्ये अभ्यासली गेली हे ऐकून मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. आपल्याकडेही काम झालं आहे. हैदराबाद विद्यापीठातले ए. एस. राघवेंद्र, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले भागवत आणि त्यांचे सहकारी यांनी राजगिऱ्याची पानं घेतली. उजेड मिळाला की पेप-सी आपला कच्चा माल जास्त ओढीनं धरतं, हे त्यांनी २००० साली दाखवलं. उपासाच्या लाडवातला राजगिरा तो हाच.

नुक्ता पडला की काम सुरू, असं मात्र समजू नका. पालकाच्या पानात एक विकर आहे, जमिनीतून आलेल्या नायट्रेटवर पहिली प्रक्रिया करणारं. आपण शेतात युरिया टाकतो, त्याचं मातीत बऱ्याच अंशी नायट्रेट होतं आणि पुढे पानात त्याचं प्रथिन व्हायचं असतं. हे विकर दिवसा काम करतं. अंधार झाला की त्याच्यावर फॉस्फेट बसतं, मग आणखी एक प्रथिन येऊन त्याला मिठी मारतं आणि काम बंद होतं. कारण पुढच्या पायरीला उजेडातून मिळणारी शक्ती लागते. ती नसताना पहिली पायरी चालू राहिली तर मधेच नायट्राइट साचेल आणि ते पेशीला विषासारखं असतं. इथे नुक्ता म्हणजे ‘थांबा’. खूण तीच, अर्थ मात्र ती कुठल्या शब्दावर आहे त्यावर ठरतो.

खुणाही एकाच प्रकारच्या नाहीत. काही विकरांमध्ये गंधकाच्या दोन अणूंची गाठ बसलेली असते. उजेड आला की ती गाठ सुटते आणि विकर कामाला लागतं. अंधारात पुन्हा बसते. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला बॉब ब्युकॅनन यांनी १९७० च्या दशकात हा मार्ग उलगडला.

आणि एक खूण तर मला आमच्या राजूरचीच वाटते. साखर करण्याच्या कामातलं मुख्य विकर म्हणजे रुबिस्को. पृथ्वीवरच्या सर्वांत विपुल प्रथिनांत त्याची गणना होते. त्याचं काम हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणं. पण ते कामाला लागण्याआधी कार्बन डायऑक्साइडचाच एक रेणू त्याच्या एका मण्याला येऊन चिकटावा लागतो, त्याच्याजवळ मॅग्नेशियम बसावं लागतं. हा रेणू साखरेत जात नाही, तो नुसती खूण म्हणून राहतो. त्यानंतर येणारा रेणू पकडला जातो.

आता भट्टी आठवा. शुद्ध चुनखडीचा शंभर किलो दगड पुरता भाजला तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो. उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. कोळसा जळतो त्याचा वेगळा. आणि तो कोळसा तरी काय? पंचवीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे उभ्या असलेल्या जंगलाच्या पानांनी पकडलेला कार्बन. अब्बा रात्रभर जो कार्बन मोकळा करत होते, त्यातला थोडा अंगणातली पानफुटी त्याच रात्री बांधत असेल. दोघंही रात्रपाळीला. एक भट्टीवर, एक पत्र्याच्या डब्यात.

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. रुबिस्कोच्या तोंडात कधी कधी साखरेचा नको तो तुकडा अडकतो. तो काढायला एक मदतनीस प्रथिन असतं. १९८५ च्या सुमारास ते सापडलं. हा मदतनीस उष्णतेला फार हळवा आहे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शास्त्रज्ञांनी कापूस आणि तंबाखूच्या पानांवर २००० साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत दिसलं की पानाचं तापमान पस्तीस अंशांच्या फार पुढे गेलं की हा मदतनीस मागे पडतो आणि रुबिस्को जागेवर असूनही मंदावतं. कापूस आमच्या जिल्ह्याचं पीक. ऑक्टोबरच्या कडक उन्हात कापूस मलूल दिसला की आपण पाणी कमी पडलं म्हणतो, ते खरंच असतं. पण कधी पाणी असूनही आत मदतनीस थकलेला असू शकतो. उन्हाळे वाढत चालले आहेत. अशा वेळी उन्हातही नेटानं काम करणारी ज्वारी आपण बांधावर ढकलली, याचा विचार व्हायला हवा. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, पण भाकरीचं वर्ष एकच कसं असेल?

श्रोतेहो, झाड पळू शकत नाही. ऊन आलं म्हणून सावलीत जाता येत नाही, रात्र झाली म्हणून घरी जाता येत नाही. जिथे उगवलं तिथेच निभवायचं. म्हणून ते आतल्या आत बदलतं. दर संध्याकाळी सगळी यंत्रं मोडून दर सकाळी नवी बांधणं झाडाला परवडणारं नाही. यंत्रं बहुतेक तशीच ठेवून त्यांच्यावर खुणा करायच्या आणि पुसायच्या, हा त्याचा संसार. जे थांबलेलं दिसतं ते मोडलेलं नसतं. त्याची खूण पडायची असते.

हे सगळं ऐकल्यावर मी मुलीला दादाची गोष्ट सांगितली. त्या वाक्यासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं मला माणसांबद्दल एक गोष्ट सांगितली. आपल्या शरीरातही झोपेजागेचं घड्याळ आहे आणि तेही प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा करत चालतं. फळमाशीत या घड्याळाची यंत्रणा शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या युटा राज्यात एक कुटुंब होतं. त्यातल्या अनेकांना पिढ्यान् पिढ्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोप आवरत नसे आणि पहाटे साडेचारच्या सुमारास आपोआप जाग येई. २००१ साली कारण सापडलं. घड्याळाच्या एका प्रथिनात एक मणी बदलला होता. सेरीन जाऊन तिथे ग्लायसिन आलं होतं, आणि ग्लायसिनवर फॉस्फेटची खूण बसत नाही. एका नुक्त्याला जागा राहिली नाही आणि घराण्याची रात्र काही तास अलीकडे सरकली.

माझ्या अब्बांना तेच होतं असं मी म्हणणार नाही. त्यांची तपासणी कुणी केली नाही आणि आता होणार नाही. पण एवढं मला माहीत आहे की त्यांना इशाच्या नमाजनंतर डोळे उघडे ठेवणं कठीण जाई आणि पहाटे चारला ते ताजे असत. हे आम्ही घरात रोज पाहत होतो. अम्मीला पानाची वेळ कळली. माणसाची वेळ आमच्यापैकी कुणालाच कळली नाही. ज्वारीला रात्रपाळी लावली आणि ती पिकली नाही म्हणून तिला कामचोर म्हटलं, असं झालं ते.

आता आमच्या अंगणात पत्र्याच्या डब्याऐवजी कुंडी आहे, पण पानफुटी त्याच झाडाच्या पानातून पानात आलेली. कधी सकाळी मी नखाएवढा तुकडा चावतो. तोंड वाकडं होतं, अगदी अब्बांसारखं. मग मी मनातल्या मनात त्यांना पाणी देतो. त्या संध्याकाळी राहिलेलं.

तुमच्या घरात, वर्गात, कामाच्या ठिकाणी कुणी मागे पडलेलं दिसलं, तर त्याच्यावर शिक्का मारण्याआधी एवढं विचारून पाहा, की बाबा, तुझी पाळी कोणती?